मामांच्या बारा खोल्या

आमच्या मामांइतका पाहुण्यांवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या मुरबाड तालुक्यात दुसरा नसेल, आणि पाहुण्यांनी इतकी हुलकावणी दिलेलाही नसेल. मांडव असो की बँक, आत शिरले की ते आधी पावलांनी जागा मोजतात. चुलतबहिणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते कडेकडेने पावलं टाकत माझ्यापर्यंत आले आणि म्हणाले, "दोनशे मानूस आरामात बसंल. पन झोपवनार कुठं?" सिद्धगडच्या वाटेवर रिसॉर्टं झाल्यापासून प्रत्येक ठिकाणी ते एकदा तरी चहाला जाऊन आलेत, चहा निमित्त, खरं काम गाद्या दाबून बघणं.

मामा ग्रामपंचायतीचे सदस्य. रिसॉर्टांकडून पंचायतीला जो कर येतो, त्यातून गावाचं सभागृह बांधायचं आणि त्याला लागून मुक्कामाच्या बारा खोल्या, हा त्यांचा ध्यास. मग डॉक्टरांची संमेलनं, कंपन्यांच्या बैठका सगळं आमच्या गावात. एक रिसॉर्टवाले शेठ चिडून म्हणाले, "भाऊ, आमच्याच कराने आमच्याच शेजारी हॉटेल बांधता?" मामा शांतपणे म्हणाले, "तुमचा उरलेला पाहुना आमच्याकं, आमचा उरलेला तुमच्याकं. भांडान कुठं हाय यात?" गावातल्या बायकांचा प्रश्न जास्त अवघड होता. "नळाला दोन दिसाआड पानी येतं, पाहुन्यांना काय आंगोळीला नदीवर धाडशाल?" यावर मामांना खोकला आला.

मी कल्याणला नोकरी करते, पण माझं नाव अजून गावच्याच मतदार यादीत आहे. घरात इंग्रजी शाळेत शिकलेली मी एकटी, म्हणून मामांचे सगळे अर्ज मीच लिहिते. बोलते कमी. "तू मधी बोलत नायस, म्हनून तुला सांगतो," असं ते म्हणतात.

ग्रामसभेत खोल्यांचा ठराव यायचा होता. त्याआधी लोकांना पटावं म्हणून मामांनी एक नमुना संमेलनच भरवलं. भाताच्या बियाण्यावर चर्चा, जागा गावची शाळा. धसईपासून शहापूरपर्यंतचे चाळीसेक शेतकरी आले. शेजारच्या वर्गात बारा गाद्या, प्रत्येक गादीवर घडी घातलेला टॉवेल आणि नवा साबण. चर्चा फार रंगली. साडेचारला मामांनी उभं राहून रात्रीच्या जेवणाचा बेत जाहीर केला, आणि लोक चपला शोधायला लागले. पाचला शेवटची एसटी होती.

"अवो, राहा की!" मामा दारात आडवे आले.

"ऱ्हायलो असतो, पन म्हस कोन पिळंल?" एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, "घर सोडून झोप नाय येत, भाऊ." पाच मिनिटांत शाळा रिकामी. एक साबणही गेला होता. "नेला म्हंजे आवडला," मामा म्हणाले, पण गाद्या गुंडाळताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

पुढच्या आठवड्यात ग्रामसभा झाली. ग्रामसेवकांनी ठराव वाचून बाजूने हात वर करायला सांगितलं. शाळेतही कधी वर न गेलेला माझा हात वर गेला. सभेत तो एकटाच होता, मामांचाही हात खालीच होता. मामांनी वळून पाहिलं. "खाली घे गो," ते हळूच म्हणाले आणि उभे राहिले. "आपला मानूस सांजचा घरी जातो, हे मला ठावं नव्हतं काय? ठावं होतं. वाटलं, गादी चांगली दिली तर ऱ्हाईल. ऱ्हाऊ द्या. हा कर नळाला लावा." मग नळाच्या ठरावाला पहिला हात त्यांनीच वर केला. बायकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा ते लाजले.

गावी आले की मीही संध्याकाळीच परतते. कितीतरी वर्षांत मामांकडे मुक्काम केलेला मला आठवत नव्हता. सभा संपल्यावर मी म्हटलं, "मामा, आज राहते मी."

ते भराभर घराकडे चालू लागले. मग घराशी पोचल्यावर बाहेरूनच ओरडले, "आगो, तांदूळ जास्ती घाल, पाहुने हायत!"

"किती जन?" मामींनी आतून विचारलं.

"एक," मामा म्हणाले. तो एक त्यांनी अशा काही थाटात म्हटला, की बारापैकी निदान एक खोली तरी बांधून झाली असं मला वाटलं.