चौकटीवरची जादा रेघ

दर गुढीपाडव्याला मी दोन्ही मुलांना दाराच्या चौकटीशी उभं करतो आणि डोक्यावर पट्टी ठेवून पेन्सिलीने रेघ मारतो. लागोपाठ दुसऱ्या वर्षी ज्वारी हाती लागली नाही, त्या वर्षीच्या पाडव्याला मुलाची रेघ सहा सेंटिमीटर वर गेली होती आणि मुलीची दोन. टेप चुकला असेल म्हणून पुन्हा मोजलं. दोनच.

मी गावच्या दूध संस्थेचा सचिव. लिटर आणि फॅट लिहिण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे आकडा दिसला की तो डोक्यातून जात नाही. पण जनावरं छावणीत होती, दूध निम्म्यावर आलं होतं, सगळ्यांचीच पोरं सुकलेली दिसत होती. दुष्काळ आहे, असं म्हणून मी ते सोडून दिलं. मुलगा त्याच ताटात जेवून सहा वाढला होता, हा विचार तेव्हा केला नाही.

उन्हाळ्यात बायको अंथरुणाला लागली. जुलाब थांबेनात, रक्ताच्या गोळ्या लागू पडेनात, वजन अडतीस किलो. तिचं माहेर शिरूर कासारकडचं, आई-वडील ऊसतोडीला जाणारे. लहानपणापासून भाकरीवर वाढलेली. आमच्याकडेही पोळी सणालाच असायची. आता ज्वारी नव्हती आणि रेशनचा गहू रोजच्या पोटात जात होता. त्यात आजाऱ्याला भाकरी जड, पोळी हलकी, ही आमची पक्की समजूत. माझी आई तिला समोर बसवून खाऊ घालायची.

"काहून टाकलीस गं अर्धी? अंगात रगत कुठून येईल?"

"आत्याबाई, पोट फुगतंय लई."

"फुगू दे. दुधात कुस्करून देते."

सकाळी गव्हाची लापशी, दुपारी पोळी, रात्री शिरा. मायेने आम्ही तिला तीन वेळा तेच देत होतो.

अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाईंनी आजार ओळखला. सिलिॲक. त्या म्हणाल्या, "भाकरी थापावी लागते, पोळी लाटता येते. का? गव्हाच्या पिठाला चिवटपणा असतो. तोच यांच्या आतड्याला चालत नाही. आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, ती झडून गेली आहे. गहू पूर्ण बंद केला तर ती पुन्हा येते."

पुन्हा येते! कुठलं औषध नाही, टाका नाही. एक धान्य थांबवायचं आणि शरीर आतलं आत नवं अस्तर विणणार. मी थक्क होऊन ऐकत होतो. मग त्यांनी विचारलं, "मुलं किती? त्यांचीही तपासणी करा. आईला असलं की मुलांना असू शकतं."

"शंभरात किती जणांना?" मी विचारलं.

"शंभराचं सांगून तुमच्या मुलांचं कळणार नाही. रक्त बघू."

मला चौकटीवरच्या रेघा आठवल्या.

मुलाचं रक्त चांगलं निघालं. मुलीचं नाही. खात्री करायला लातूरला दुर्बिणीने तपासायचं होतं आणि तारीख मिळाली एकवीस दिवसांनंतरची. घरातला गहू त्याच दिवशी बाहेर काढतो, असं मी म्हणालो. बाई म्हणाल्या, "तपासणी होईपर्यंत मुलीचा गहू थांबवू नका. थांबवलात तर लव भरू लागेल, खरं काय ते दिसणार नाही."

आईला हे पटेना. "इख म्हणायचं आन पोरीच्या ताटात वाढायचं?" तरी पोळ्या तिनेच केल्या. बायको दुसऱ्या चुलीवर विकतच्या ज्वारीची भाकरी थापायची आणि मुलीकडे पाठ करून बसायची. मुलगी नऊ वर्षांची. ती खूश होती.

"मलाच रोज पोळी! मी काय पाव्हणी हाय का?"

रोज दोन, एकवीस दिवस. मी तिला बेचाळीस पोळ्या खाताना पाहिलं. शेवटची संपली तेव्हा आईने परात घासून माळ्यावर टाकली.

लातूरच्या तपासणीत मुलीला तिच्या आईसारखंच दुखणं निघालं. परत आल्यावर मी मुलीला चौकटीशी उभं करून एक जादा रेघ मारली. या दिवसापासून गहू बंद.

पण महिना झाला तरी दोघींचं पोट दुखायचं राहीना. मी घरातला डबा न् डबा तपासला. शेवटी बायकोच म्हणाली, "अहो, गिरणी."

गावची गिरणी बचत गटाच्या बायकांची. तिथे भांडण व्हायचं ते गव्हात ज्वारीचं पीठ येऊ नये म्हणून. गव्हाचं दळण गव्हावरच टाकायचं. ज्वारीत गहू आला तर कुणाची तक्रार नसायची, उलट भाकरी मऊ होते म्हणायच्या. आमच्या ज्वारीत दर खेपेला मूठ-दोन मुठी गहू येत होता.

मी गटाच्या बैठकीला गेलो. बोलायचं ठरवून गेलो होतो, पण आम्ही तिला तीन वेळा गहूच भरवला हे सांगताना मला रडू आलं. गटाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "सचिव, रडायला आलात का दळायला? सोमवार ज्वारीचा. रविवारी आमी गिरणीच्या दगडी पाळ्या उघडून झाडू."

"दुष्काळात एक दिवस गव्हाचं गिऱ्हाईक परत जाईल," मी म्हणालो.

"जाऊ द्या. मंगळवारी येईल."

आणि दर रविवारी त्या खरंच दगड उचलून, कुंच्याने झाडून, पीठ पडतं ते कापडी तोंड बदलत होत्या. आमच्या घरातल्या दोघींसाठी सगळं गाव सोमवारी गहू आणेनासं झालं. आकड्यांच्या माणसाला याचा हिशेब लावता आला नाही. अजूनही येत नाही.

जादा रेघेनंतर आठ महिन्यांनी पुढचा पाडवा आला. पुरण शिजलं, ते तुपासोबत भाकरीवर घेतलं. बायको पन्नास किलोला एक कमी होती. मुलगी चौकटीशी उभी राहिली. मी पट्टी ठेवली. जादा रेघेपासून साडेसहा सेंटिमीटर.

मुलगा ओरडला, "पप्पा, टाचा बघा तिच्या! उचलल्यात!"

मी खाली वाकलो आणि तिच्या टाचेखाली कागद सरकवून पाहिला. कागद आत गेला नाही.