काकांची उद्याची डायरी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांसारखी डायरी जगात दुसरं कोणीही लिहीत नसेल, हे मी लखनौच्या कुठल्याही चौकात उभा राहून सांगायला तयार आहे. लोक झालेल्या दिवसाची लिहितात, काका उद्याची लिहीत. मलिहाबादच्या बागांमध्ये आंब्यावरच्या किडींचा अभ्यास करण्यात त्यांची हयात गेलेली. त्यामुळे अंदाज आधी नोंदवायचा आणि मग पडताळायचा, ही सवय अंगात मुरलेली. फरक इतकाच, की अंदाज चुकू लागला तर काका दिवसालाच वळवून घेत. एकदा 'आज भरली वांगी झाली' असं लिहून बसले आणि गोमती नगरात कुठे लहान वांगी मिळेनात. तर भर उन्हात ई-रिक्षा बदलत निशातगंजला गेले आणि "भैया, छोटा वाला, काँटे वाला" करत सारा बाजार पालथा घातला. 'दुपारी पाऊस' लिहिलं होतं त्या दिवशी कोरड्या रस्त्यावरून छत्री उघडून चालले. काकू म्हणत, यांच्याशी भांडायचं तर आदल्या दिवशी कळवावं लागतं.

गेल्या थंडीत काकांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. बरे होऊन घरी आले, पण डायरी मात्र सगळ्यांसारखी संध्याकाळी लिहू लागले, झालं तेवढंच. आधी लिहायला धीर होत नाही, असं एकदा चहा पिताना म्हणाले. मला फार वाईट वाटलं. डॉक्टर फिरा म्हणत होते, तरी त्यांनी फाटकाबाहेर जाणंही सोडलं होतं.

या आठवड्यात त्यांच्या नातीने हट्ट धरला, रविवारी थीम पार्क, आणि सोबत आजोबाच हवेत. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. डॉक्टरांनी उंच पाळणे सोडून बाकी सगळ्याला हो म्हटलं. आज सकाळी वर गेलो तर काका रविवारचं पान उघडून लिहीत होते आणि नात त्यांच्या खांद्यावरून वाचत होती. 'थीम पार्कला गेलो. मोठ्या पाळण्यात ती बसली, मी खालून हात हलवला. नावेत दोघं बसलो. भुट्टा खाल्ला.'

"आजोबा, लिखिए न कि आप पूरे भीग गए," नात म्हणाली. काकांनी तेही लिहिलं. मग पेन थांबलं. माझ्याकडे बघून त्यांनी हळूच विचारलं, "'संध्याकाळी सुखरूप घरी आलो' असं लिहू ना हो?"

मी 'लिहा ना' म्हणण्याआधीच नात म्हणाली, "हाँ, और लिखिए, अगले संडे फिर जाएँगे।"

काका ओळ पूर्ण करून पानं उलटत पुढचा रविवार शोधू लागले.