बांगड्या फोडल्या

मी मराठी शिकवते आणि माझी जीभ जरा तिखट आहे. केरळहून नाशिकला नोकरीसाठी आलेल्या काही सिस्टर संध्याकाळी माझ्या गंगापूर रोडच्या घरी शिकायला यायच्या. त्यातल्या एकीने एकदा विचारलं, "मॅडम, नारळ फुटतो. मग पेशंट 'नारळ वाढवला' का म्हणतात?"

शुभ वस्तू फुटली, मोडली म्हणायचं नाही, ही आपली रीत. मला असल्या सोवळ्या भाषेचा भारी राग. म्हटलं, "जुन्या लोकांची खुळं आहेत ती. तू सरळ 'फोडला' म्हण." तिने वहीत लिहून घेतलं.

पुढच्याच महिन्यात बाबांना हार्ट अटॅक आला आणि ते नेमके तिच्याच वॉर्डात दाखल झाले. "धक्का बसेल असं काही त्यांच्या कानावर जाऊ देऊ नका," डॉक्टरांनी बजावलं होतं. आई उशाशी बसून असायची. तिसऱ्या दिवशी दुपारी मी आंघोळीपुरती घरी आले होते, तेवढ्यात सिस्टरचा फोन आला.

"मॅडम, लवकर या. आईच्या बांगड्या फोडल्या."

मागून कुणीतरी तिला हाक मारली आणि फोन बंद झाला.

नवरा गेला की बाईच्या बांगड्या फोडतात. माझ्या कानाला या वाक्याचा दुसरा अर्थच ठाऊक नव्हता. रिक्षात बसले, पण कुठे जायचं ते तोंडातून निघेना. रडूसुद्धा येत नव्हतं, इतकी घाबरले होते. परत फोन लावायची हिंमत झाली नाही. लावला नाही, तोवर बाबा आहेत, असं काहीतरी वेड्यासारखं डोक्यात चाललं होतं.

वॉर्डाबाहेर बाकावर आई बसली होती. उजव्या मनगटाला बँडेज. डाव्या हातात हिरव्या बांगड्या तशाच.

"अगं, बाथरूममध्ये पाय घसरला. हात टम्म सुजला, बांगड्या निघेनात. मग सिस्टरनेच..."

"बाबा?"

"झोपलेत. हळू बोल."

मी तिथेच फरशीवर बसले. सिस्टर धावत आली. "मॅडम, वाक्य चुकलं का?"

वाक्य चुकलं नव्हतं. कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी होतं. फुटलेल्या बांगडीलाही 'वाढवली' म्हणतात, आणि का म्हणतात, ते मीच शिकवायचं टाळलं होतं. आता सांगितलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"दादांनाही मी फोनवर हेच सांगितलं," ती म्हणाली.

माझा भाऊ एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला. त्याला फोन लावला, उचलेना. पुन्हा लावला. तो वर येण्याआधी त्याला गाठायलाच हवं होतं. मी जिन्याकडे पळाले. दोन मजले उतरले असेन, तेवढ्यात वरून लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ दादाचा हंबरडा. "बाबाऽऽ!"

मी तशीच उलटी वर धावले. आई एका हाताने त्याचं तोंड दाबत होती. वॉर्डाचं दार सताड उघडं होतं.

आतून बाबांचा आवाज आला, "कोण गेलं गं?"