डॉक्टर साठ्यांचा अर्धा तास

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर बालनाक्रे नावाचं चिमुकलं गाव आहे. एके काळी इथली निम्मी माणसं पोटासाठी जहाजात बसून कॅनडाला गेली. उरलेल्यांचे वंशज आता त्या स्थलांतराचा फिल्म फेस्टिव्हल भरवतात. कॅनडातून पणतवंडं किल्ट घालून येतात, धक्क्यावर उभी राहून डोळे पुसतात आणि शॉर्टब्रेड बिस्किटांचे डबे घेऊन परत जातात.

याच गावात डॉ. मुरलीधर साठ्यांनी उभी हयात लोकांचे घसे तपासले. रिटायर झाल्यावर त्यांना एकच ध्यास लागला. आपणही गाव सोडून आलेलो आहोत, हे या मंडळींना एकदा तरी दिसावं. गावाच्या लेखी डॉक्टर म्हणजे दवाखान्यातच जन्मलेला माणूस. मग कोकणात जाऊन त्यांनी स्वतःच एक छोटी फिल्म केली. त्यात खाडी होती, होडी होती, आणि आईचा निरोप घेतला तो एसटीचा थांबा होता.

ती घेऊन ते गेले तेव्हा फेस्टिव्हल समितीची अध्यक्ष मोइरा गोड हसली. "लव्हली, डॉक्टर. पण आपला फेस्टिव्हल गाव सोडून गेलेल्यांचा आहे. तुम्ही तर आलात."

"येण्याआधी कुठून तरी निघावं लागतं, मोइरा."

हे तिला नवीनच होतं. तिने रविवारी दुपारी अर्धा तास दिला.

शहाण्या माणसाने दिवे मालवून सरळ फिल्म लावली असती. पण साठे पडले ग्लासगोच्या मराठी मंडळाचे माजी अध्यक्ष. "अहो, फिल्म लावा आणि गप खाली बसा," त्यांच्या पत्नी लीलावतीबाईंनी बजावलं. पालथ्या घड्यावर पाणी.

रविवारी मंडळाचे आजी अध्यक्ष यशोधन मिनीबस भरून माणसं घेऊन आले. हॉलमध्ये ज्योत लावायला बंदी, म्हणून बॅटरीची समई आणली होती. तिचं बटण पाच मान्यवरांनी आळीपाळीने दाबलं. सरस्वतीस्तवन झालं, सगळी कडवी. मोइराला शाल आणि नारळ मिळाला. यशोधन म्हणाले, "मी आपला फार वेळ घेणार नाही," आणि हे ऐकताच लीलावतीबाईंनी पर्समधून विणकाम काढलं. भाषण शिवकालीन आरमारापासून सुरू झालं. डॉक्टरांचा जीव प्रोजेक्टरपाशी घुटमळत होता, पण पाहुण्याला थांबवायचं कसं? शेवटी ते स्वतः उठले तेव्हा तरी बटण दाबावं की नाही? छे. प्रास्ताविकाशिवाय फिल्म कशी लावायची? 'दोन शब्द' सुरू झाले आणि एसटीच्या थांब्यापाशी येईतो मोइराने हळूच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. कॅनडाच्या फिल्मची वेळ झाली होती.

दिवे मालवले गेले आणि पडद्यावर कॅनडातलं बर्फ पडायला लागलं. अंधारात डॉक्टरांना रडू आलं, आणि राग कुणावर काढावा हेही कळेना.

चहाच्या वेळी मोइरा खांद्यावरची शाल सावरत आली. "डॉक्टर, तुमच्या समारंभाने कॅनडाचे लोक तर भारावून गेले. पुढच्या वर्षी त्यांचं असंच स्वागत करता? आपल्या गावाच्या वतीने?"

"आणि माझी फिल्म?"

"अरे हो, ती राहिलीच. बघू ना, वेळ उरला तर."

डॉक्टरांना नाही म्हणायचं होतं. पण स्टेजवरचा मान नाकारायची मंडळात रीत नाही. "जरूर," ते म्हणाले, आणि गाव सोडून आलेला माणूस म्हणून दिसायला गेलेले साठे त्या गावाचे यजमान होऊन घरी परतले.