दोन नावांचा एक मेल

हे मी आईलासुद्धा कधी सांगितलं नाही. आणि आईला मी काय नाही सांगितलं? नवऱ्याशी भांडण झालं की पहिल्या एस.टी.नं तिच्याकडे जाऊन सगळं ओकणारी बाई मी. पण हे — हे तोंडाशी आलं की मी लगेच भाजीचा नाहीतर पाहुण्यांचा विषय काढते. आज तुम्ही समोर आहात. ऐका फक्त, मधे काही म्हणू नका.

अर्जुनी मोरगावला, बसस्टँडच्या रस्त्यावर, माझं कॉम्प्युटर सेंटर होतं. टायपिंग, झेरॉक्स, ऑनलाईन फॉर्म. दोन हजार आठ-नऊची गोष्ट. तेव्हा आमच्याकडच्या पोरींजवळ कुठला आलाय ई-मेल? फॉर्मवर तो रकाना आला की त्या माझ्याकडे बघायच्या, आणि मी सेंटरचाच पत्ता टाकायची. त्यामुळे आजूबाजूच्या दहा गावांच्या पोरींचे मेल माझ्या एकाच खात्यात यायचे. बाजाराच्या दिवशी त्या यायच्या, खुर्ची ओढून बसायच्या, आणि कुणाचं काय आलं ते मी वाचून दाखवायची. ताई म्हणायच्या मला. माझ्यावर भरवसा होता हो त्यांचा.

मी कॉम्प्युटर शिकले नव्याण्णव साली, गोंदियाला. तेव्हा सगळा कारभार फोल्डरचा. एक कागद एका फोल्डरात. दुसऱ्यातही हवा असेल तर त्याची वेगळी प्रत करायची. मग हे नवीन मेल आले आणि त्यांच्यासोबत लेबलं आली. मला तर खूळच लागलं! प्रत्येक पोरीच्या नावाचं लेबल, प्रत्येकीचा रंग वेगळा. मेलमध्ये जिचं नाव असेल तिचं लेबल आपोआप लागेल आणि तो मेल समोरून हलून त्या लेबलाखाली जाईल, अशी सोयही करून ठेवली. माझा इनबॉक्स सारवलेल्या अंगणासारखा स्वच्छ. येईल त्याला दाखवायची. बाजूच्या गल्लीत नवीन सेंटर उघडलं होतं, त्यांना हे जमत नाही म्हणून जरा जास्तच दाखवायची.

सुकेशनी त्या पोरींतली एक. बाप गवंड्याच्या हाताखाली कामाला. बारावी झालेली, आणि नर्सच व्हायचं होतं तिला, दुसरं काही नाही. शाळेतल्या कुठल्या शिबिरात नाडी बघायला शिकली होती. आली की आधी "जयभीम ताई," आणि मग माझं मनगट धरून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायची. "चूप राह्य नं वं ताई, मोजून राहिलो नं मी!" मी हसायची. नर्सिंगचा फॉर्म तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं, ममतानं, एकाच दिवशी माझ्याकडे भरला.

इथवर सांगायला सोपं आहे. पुढे — बघा, आताच मला पाणी प्यावंसं वाटायला लागलं.

ममताचा डी.एड.ला नंबर लागला. ती आली, पेढा दिला. "ताई, मी तं चालली गोंदियाले. माया मेल सगळा काढून टाक." मी ममताचं लेबल उघडलं. आठ-दहा मेल होते. त्यात एक न वाचलेला, ठळक अक्षरातला. त्याच्या बाजूला दोन रंग होते, ममताचा हिरवा आणि सुकेशनीचा निळा. मला दिसलं ते. नाही दिसलं असं म्हणणार नाही. पण वाटलं, इथून काढला तरी सुकेशनीकडे राहीलच की! माझ्या डोक्यात अजून फोल्डरच होते ना. लेबल म्हणजे नुसती चिठ्ठी, कागद एकच, हे दुसऱ्यांना तोंड भरून सांगणारी मी — मला स्वतःला कुठे कळलं होतं? पेढा तोंडात, ममताशी गप्पा चालू, सगळे मेल एकदम निवडले आणि काढून टाकले.

त्या बाजाराला सुकेशनी आली. तिचं लेबल रिकामं. मी म्हटलं, काही नाही आलं. पुढच्या बाजारालाही तेच. तोवर मी खोटं बोलत नव्हते. तोवर ती चूक होती, आणि चूक माणसाकडून होते.

मग एक दिवस, बाजार नसताना, ती धापा टाकत आली. साकोलीकडच्या पोरींना नर्सिंगच्या प्रवेशासाठी नागपूरला बोलावलं होतं, त्यांचे कागद तपासूनही झाले होते. "माया लेटर काऊन नाही आला, ताई? पाह्य नं वं एकदा." मी शोधलं. सापडला. कचऱ्यात पडला होता. खाली एकाखाली एक दोघींची नावं. तारीख तीन दिवसांपूर्वी उलटून गेलेली.

आता तुम्ही म्हणाल, गेलीच होती तारीख, मग काय उरलं? उरलं होतं. शेवटी बारीक अक्षरात दोन ओळी होत्या. काही कारणानं येता आलं नाही, तर कारण लिहून, या मेलचा कागद जोडून, आठ दिवसांत अर्ज करावा, विचार होईल. पाच दिवस होते अजून. मला फक्त तो कागद छापायचा होता, आणि 'चूक या सेंटरची आहे' असं एक वाक्य लिहून खाली सही करायची होती. एक वाक्य! दिवसाला पन्नास पानं टाईप करणारी बाई मी.

ती टेबलाच्या पलीकडे. स्क्रीन माझ्याकडे तोंड करून.

"सापडला का वं?"

"नाही गं. आलाच नाही."

आणि ती समोर बसलेली असताना मी तो मेल कायमचा काढून टाकला. नक्की काढायचा का, असं विचारलं त्या खिडकीनं. मी हो केलं.

दुसऱ्या दिवशी तिचा बाप आला, चिडून; मागोमाग सुकेशनीही. सेंटरमध्ये चार माणसं बसलेली. मी काही बोलायच्या आत हीच मधे पडली. "बाबा, ताईले कायले बोलून राहिले? लेटरच नाही आला तं ताई का करन त्यात?" तो माणूस वरमला. मला म्हणाला, राग नका धरू मॅडम. आणि मी मान डोलावली, मोठेपणानं. लाज वाटते हो. ती मान डोलावल्याची जास्त लाज वाटते.

पुढच्या वर्षी तिनं पुन्हा फॉर्म भरला, माझ्याकडेच. नंबर लागला नाही. त्यानंतरच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. मी भांडी घेऊन गेले होते आहेराला.

पाच-सहा वर्षांनी आईला गोंदियाच्या एका खाजगी दवाखान्यात भरती केलं. दुपारी बादली आणि फडकं घेऊन जी बाई आत आली, ती सुकेशनी. आयाचं काम करत होती तिथे. मला बघून तिला इतका आनंद झाला की काय सांगू. आईची चादर बदलली, पाय पुसले, केस विंचरून दिले. आई तिला सिस्टर म्हणाली. सिस्टर, सलाईनची सुई दुखते, जरा बघ ना.

"मी सिस्टर नाही, आजी. मले सुईले हात लावाची परवानगी नाही. थांबा, बलावतो मी."

"काऊन वं बाई? इतका चांगला हात आहे तुया. शिकली काऊन नाही?"

"लेटरच नाही आला, आजी. ताईले विचारा. लय शोधला होता बिचारीनं."

आई माझ्याकडे बघायला लागली. सुकेशनीही बघत होती, हसत.

मी म्हटलं, "हो आई. लय शोधला होता."