मोंटानाचे पेढे

आमच्या गावच्या निवडणुकीचा निकाल लागला आणि आज सकाळी शेजारचा विलास पेढे घेऊन आला. वेलचीचा वास नाकात शिरला आणि मी थेट ब्याण्णव सालच्या बहारीनमधल्या ऑफिसात जाऊन पोचलो.

आमचे वॉल्टरसाहेब अमेरिकेतल्या मोंटानाचे, म्हणजे माणसांपेक्षा गाईगुरंच जास्त असलेल्या राज्यातले. त्या सकाळी टीव्हीवर त्यांच्या देशाच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा निकाल सांगत होते. मोंटानाने तरुण उमेदवाराला कौल दिला होता आणि तोच निवडून आला होता. स्टोअर सांभाळणाऱ्या रत्नागिरीच्या दाऊदभाईंना बहिणीच्या लग्नाला रजा हवी होती. ते गुदैबिया भागातल्या मिठाईच्या दुकानातून पेढे घेऊन आले आणि मला सोबत घेऊन केबिनमध्ये शिरले.

"मुबारक साहेब," ते आपल्या इंग्रजीत म्हणाले. "तुमचं गाव जिंकलं."

साहेबांनी डब्याकडे बघितलं. "मी दुसऱ्याला मत दिलं होतं."

दाऊदभाईंचा हात डब्यासकट हवेतच राहिला. मग साहेबांनी एक पेढा सावकाश खाल्ला, दुसरा उचलला आणि रजेवर सही केली.

बाहेर आल्यावर दाऊदभाई हळूच मला म्हणाले, "बिचारा. अख्ख्या गावाच्या विरोधात गेला. उगाच नाही इतक्या लांब नोकरीला आला."

तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. पण यंदा मीही अख्ख्या गावाच्या विरोधात मत दिलंय, आणि गावात ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी विलासच्या डब्यातला दुसरा पेढा उचलला. आता या वयात मला बहारीनला नोकरी कोण देणार?