हनुवटीखालचा रंग

मासळीच्या लिलावाच्या शेडमध्ये आक्काला मुश्यांची, म्हणजे शार्क माशांची, किळस कधी आली नाही; आली ती माणसांची. मुशी निदान मेल्यावर गप्प तरी पडते, असं ती म्हणायची.

तिचं काम एकच. बोटीवरून मुशी उतरली की उताणी करायची, हनुवटीखाली बघायचं आणि ओरडून सांगायचं: आखूड पराची की लांब पराची. दोघी अगदी सख्ख्या बहिणी. तीच निळी पाठ, तेच टोकदार थोबाड, तेच बाहेर डोकावणारे दात. पण आखूड पराचीची हनुवटी पांढरीशुभ्र, मांस घट्ट. लांब पराचीची हनुवटी धुरकट काळी, डोळे हे एवढाले, आणि मांस म्हणजे नुसता गिळगिळीत लगदा. शी! आक्का ओरडली की व्यापारी डोळे मिटून बोली लावायचे.

त्या दिवशी धाकट्या भावाची बोट लागली. आईच्या मागे आक्कानेच वाढवलेला हा. त्याच्या मुशीचे पर मुळापासून छाटलेले होते.

"जाळ्यात फाटले गं," तो म्हणाला आणि कानाशी लागला, "आखूडच म्हण. भावासाठी एवढं कर."

तिने मुशी उलटी केली. हनुवटी पांढरी, जरा जास्तच पांढरी. नाकात रंगाचा भपका शिरला. बोटीला फासतात तो रंग, अजून ओला! अंगठ्याने घासलं तर खाली काळं. मढ्याला नटवलं होतं या दिवट्याने! हो म्हणावं तर उद्या तिच्या शब्दाला कुत्रं विचारणार नाही. नाही म्हणावं तर भाऊ तुटणार.

"लांब पराची!" ती ओरडली. "आणि वर रंग फासलाय मेल्याने!"

"आजपासून मला बहीण नाही," भाऊ सगळ्यांदेखत म्हणाला.

निळ्या शर्टातला जाडा व्यापारी हसत पुढे आला. तिच्या शब्दावर रोज माल उचलणारा तो. "दे रे मला स्वस्तात. सोलून तुकडे केले की कोण ओळखतंय? पाटीवर आखूडच लिहिणार."

"म्हणजे रोज हेच करतोस?"

"मग काय आक्का! तू ओरडतेस म्हणून तर आम्हाला स्वस्त पडते."

भावाने हात पुढे केलासुद्धा. दोघांचं जमलं.

आक्काने रंगाचा अंगठा व्यापाऱ्याच्या शर्टाला पुसला, चांगला दाबून. पुढची मुशी उताणी पडलीच होती.

"ही कुठली गं आक्का?" कुणीतरी विचारलं.

"चाटून बघा," ती म्हणाली आणि शेडबाहेर पडली.